गावाची वही आणि पहिलीचा वर्ग : खान्देशात नव्यानं रुजू होणाऱ्या शिक्षकांसाठी

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड झाली, समुपदेशनात शाळा मिळाली, आणि तुम्ही लातूर, सोलापूर किंवा कोल्हापूरकडून थेट पारोळा, साक्री नाहीतर शहादा तालुक्यातल्या एखाद्या गावात उतरलात. वाट्याला पहिली-दुसरीचा वर्ग आला. द्विशिक्षकी शाळा असेल तर बहुधा दोन्ही इयत्ता एकाच खोलीत. तुम्ही बोलताय, मुलं तुमच्याकडे टक लावून बघतायत, आणि एकही तोंड उघडत नाही. त्या सकाळी काय करायचं आणि पुढचं वर्ष कसं उभं करायचं, ते इथं लिहिते आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मला एकोणीस वर्षं झाली. आधी तापीकाठी होते, आता बोरी नदीच्या अंगाला आहे. यातली बरीचशी वर्षं लहान वर्गांवरच गेली. या काळात तक्ते बदलले, ॲप आली-गेली, पुस्तकं दोनदा बदलली. ज्या वर्षी गाव वर्गात रोज येत राहिलं त्या वर्षी मुलं वाचायला लागली, आणि ज्या वर्षी मी पुस्तक पुढे आणि गाव मागे ठेवलं त्या वर्षी दिवाळीनंतरही निम्मा वर्ग अडखळत होता. म्हणून गावाशी जोडून घेणं हे स्नेहसंमेलनापुरतं काम नाही. पहिलीच्या वर्गात ते रोजचं शिकवणंच आहे.

आधी एक वही घ्या

दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. शाळा जूनच्या मध्याला उघडते. त्याआधी आठ दिवस गावात या. सरपंचांना भेटायचं आहेच, पण पहिली भेट अंगणवाडीताईंची घ्या. तुमच्या वर्गातली मुलं तीन वर्षं त्यांच्यापाशी बसलेली असतात. कोणतं मूल कुणाशिवाय बसत नाही, कुणाला कमी ऐकू येतं, कुणाच्या घरी पावरी किंवा भिली या आदिवासी बोली बोलतात, कुणाचे आईबाप ऊसतोडीला जातात, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. कुठल्याही नोंदवहीत ते सापडत नाही. खाली बसून ऐका आणि लिहून घ्या.

२०२२ पासून राज्यात शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात, 'पहिले पाऊल' या नावानं. मेळाव्यात आयांचे गट केलेले असतात. तुमच्या गावात असे गट झाले असतील तर ती यादी मागून घ्या. नवा गट करण्यापेक्षा आहे तो चालवणं सोपं.

मग घरभेटी. संध्याकाळी जा, दिवे लागणीच्या सुमारास, कारण दिवसा घरी म्हातारी आणि कुत्रं एवढंच असतं. खान्देशात मोठ्या माणसांना आबा, नाना, बापू, जिभाऊ असं म्हणतात. कोणाला काय म्हणायचं ते अंगणवाडीताईंना आधीच विचारून ठेवा. चहा येईल, तो प्या. आणि पहिल्या भेटीत आधार कार्ड, जन्मदाखला, बँक पासबुक यांतलं काहीही मागू नका. ते लागणारच आहे, पण दुसऱ्या भेटीत. पहिल्याच दिवशी कागद मागणारा माणूस गावाला सरकारी वाटतो, आणि त्याच्याशी कोणी मोकळं बोलत नाही.

वहीत एका मुलाला एक पान द्या. हाक मारायचं घरचं नाव, घरात कोण कोण, शेळी-बैल-म्हैस काय आहे, शाळेत सोडायला कोण येईल, आणि त्या घरात कोणाला काय येतं. दोर वळता येतो, गोधडी शिवता येते, ढोल वाजवता येतो, विहिरीचं मोजमाप येतं. हा शेवटचा रकाना न विसरता भरा. पुढे वर्षभर तोच कामाला येतो.

मुलाची बोली कानावर घ्या

माझ्या पहिल्याच शाळेत एक मुलगी तीन आठवडे बोलली नाही. रोज विचारायचे, "तुझं नाव काय? कुठे राहतेस?" ती खाली बघायची. मी नोंदवहीत तिच्यापुढे 'प्रतिसाद नाही' असं लिहून टाकलं होतं. एक दिवस खिचडी वाढताना स्वयंपाकाच्या मावशींनी सहज विचारलं, "काय वं, तुनं नाव काय शे?" मुलीनं ताडकन नाव सांगितलं. पाठोपाठ भावाचं सांगितलं, बकरीचंही सांगितलं. गप्प बसण्याचं कारण तिच्यात नव्हतं, माझ्या प्रश्नात होतं. नोंदवहीतला तो शेरा मी खोडला. तरी ते तीन आठवडे तिला परत मिळाले नाहीत, आणि ते मला आजही बोचतं.

तेव्हा पहिला महिना शिकवा कमी, ऐका जास्त. वहीच्या मागच्या पानांवर दोन रकाने पाडा : घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द. आठे म्हणजे इथे, तठे म्हणजे तिथे. माले–मला, तुले–तुला, शे–आहे, नही–नाही, बठ–बस, कथा–कुठे, आंडोर–मुलगा, आंडेर–मुलगी. ही खान्देशची बोली, अहिराणी. ती दर दहा-पंधरा मैलांवर थोडी वळते, म्हणून माझी यादी उतरवून घेऊ नका. तुमच्या वर्गालाच विचारा. "याला तुमच्या घरी काय म्हणतात?" हा प्रश्न विचारला की मुलं शिक्षक होतात आणि खोलीतला दबलेपणा जातो.

दोन गोष्टींवर नवे शिक्षक हमखास अडखळतात, म्हणून त्या सविस्तर सांगते.

एक म्हणजे ळ. लेवा बोलीत आणि अहिराणीच्याही पुष्कळ पट्ट्यात ळ चा य होतो. केळीची केयी, डोळ्याचा डोया, शाळेची शाया. मूल पुस्तकातला 'केळी' हा शब्द बघून 'केयी' म्हणालं, तर ते चुकलेलं नाही. अक्षरं ओळखून, शब्द जोडून, अर्थ लावून त्यानं तो स्वतःच्या घरच्या उच्चारात म्हटला. वाचन म्हणतात ते हेच. तिथं "ळ म्हण, ळ!" करत थांबवलं तर मुलाला वाटतं आपलं वाचणंच चुकलं, आणि पुढच्या शब्दावर ते गप्प होतं. लिहिताना मात्र ळ शिकवा. फळ्यावर 'केळी' लिहून सांगा, "बोलतो केयी, लिहितो केळी." दुसरीच्या मध्यापर्यंत बहुतेकांचं जमतं.

दुसरी गोष्ट कैरी. पहिलीच्या मुलांना मी विचारलं, "कैरी कुठे लागते?" एक मुलगा म्हणाला, "वावरमा, कपाशीले." मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात आठवलं की इकडे कपाशीच्या हिरव्या, न फुटलेल्या बोंडाला कैरीच म्हणतात. पुस्तकातल्या चित्रात आंबा होता. त्याच्या डोळ्यांपुढे बापाचं शेत होतं. उत्तर दोन्हीकडे बरोबर होतं. आता मी दर वर्षी दोन्ही कैऱ्या वर्गात आणते आणि शेजारी शेजारी ठेवते. एका शब्दाच्या दोन वस्तू मुलं हातात घेतात, कापून बघतात, आत कोय आहे की कापूस हे सांगतात. परिसर अभ्यासाचा तास त्यातच होऊन जातो.

सातपुड्यात, धडगाव-मोलगीच्या बाजूला नेमणूक असेल तर हा प्रश्न जास्त खोल आहे. तिथं मुलाच्या घरी पावरी नाहीतर भिली असते आणि मराठी त्याला खरोखरच परकी वाटते. चौथीतला एखादा मुलगा किंवा मुलगी रोज अर्धा तास लहान वर्गात बसवा आणि गोष्ट दोन्ही भाषांत सांगून घ्या. सांगणाऱ्या मुलाचंही त्यात भलंच होतं.

"वर्गात अहिराणी कशाला?" असं कोणी विचारलं तर गोंधळू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या २९ व्या कलमात शक्य असेल तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं असं लिहिलेलं आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेवर भर देतं. कधीकधी पालकच विचारतात, कारण मुलानं 'शुद्ध' बोलावं असं त्यांना वाटतं. त्यांना वादात हरवू नका. महिनाभरानं मूल त्यांच्यासमोर वाचून दाखवेल असं बघा, मग ते स्वतःच शांत होतात.

सकाळचा पहिला तास

गोणपाटावर जुन्या साडीच्या कापडाचे खिसे शिवून घ्या. गावात शिलाई मशीनवाली एखादी आई असतेच, तिला सांगा. प्रत्येक मुलाची नावपट्टी करा. आल्यावर मुलानं खोक्यातून आपली पट्टी शोधून खिशात घालायची. जूनमध्ये मुलं पट्टीच्या रंगावरून किंवा डागावरून ओळखतात, जुलैत पहिल्या अक्षरावरून, पोळ्यापर्यंत शेजाऱ्याचंही नाव वाचतात. अक्षरओळख मी तिथूनच सुरू करते. ज्या अक्षरानं वर्गातल्या तिघा-चौघांची नावं सुरू होतात, ते अक्षर मुलांना एका दिवसात पाठ होतं.

मग मोजणी. किती पट्ट्या खिशात, किती खोक्यात? दोन मुलांनी मोजायचं, तिसऱ्यानं पडताळायचं, आणि चौथ्यानं स्वयंपाकाच्या मावशींना जाऊन आकडा सांगायचा. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ धरतात. वीस मुलं असली की दोन किलो तांदूळ. आकडा चुकला तर भात कमी पडतो, हे मुलांना एका दुपारीच कळतं. मग ती जीव लावून मोजतात. असं मोजणं स्वाध्यायाच्या पानावर होत नाही.

परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना असतेच. सुविचाराऐवजी लहान वर्गात मी गावबातमी घेते. रोज एका मुलानं काल घडलेली एक गोष्ट सांगायची, एका वाक्यात. एकदा एक मुलगा म्हणाला, "आम्हनी म्हैस नदीमा बठी गयी." मी फळ्यावर हेच लिहिलं, एक अक्षर न बदलता. त्याखाली लिहिलं, "आमची म्हैस नदीत बसली." मग मुलांनी दोन ओळींतलं सारखं काय ते शोधलं. म्हैस तीच. नदीमा–नदीत. बठी गयी–बसली. वीस मिनिटांत इतकं व्याकरण झालं, आणि कोणाला कळलंही नाही की व्याकरण चाललंय. ती ओळ कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावली. दुसऱ्या दिवशी त्या मुलाचे वडील दूध घालून परत जाताना दारात थांबून ती वाचत होते.

महिन्याचे वीस-बावीस कागद जमले की दोऱ्यानं शिवा, वर्गाचं पुस्तक झालं. मुलं बालभारतीच्या पुस्तकापेक्षा हे जास्त वेळा उघडतात, कारण त्यात त्यांच्या म्हशी आहेत. खान्देशाला हे नवीन नाही. अमळनेरला शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी रोज हातानं लिहून दैनिक काढायचे.

गणितासाठी वावरात बघा

दशक-एकक शिकवायला पेटीतले ठोकळे असतील तर वापरा. माझा अनुभव असा की तुरीच्या किंवा पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्या जास्त लवकर उपयोगी पडतात. दहा काड्या बांधल्या की एक मोळी. 'दशक' शब्द नंतर द्या, मोळी मुलांना आधीपासून येते. चोवीस म्हणजे दोन मोळ्या आणि चार सुट्या. वजाबाकीत उसनं घ्यायची वेळ आली की मोळी सोडायची, आणि ती सोडल्यावर काड्या भुईवर पसरतात, ते बघूनच मुलांना 'उसनं' उमगतं. चुलीसाठी मोळी घरी रोजच सुटत असते.

फुटलेल्या बोंडात कापसाच्या चार-पाच पाकळ्या असतात. दहा बोंडं वर्गात आणा, कोणात किती पाकळ्या ते मोजा, चारच्या एका बाजूला, पाचच्या दुसऱ्या बाजूला. रावेर-यावलकडे असाल तर केळीची फणी. आधी नुसतं बघून अंदाज सांगायचा, मग मोजायचं. अंदाज चुकला तर चुकू द्या, दहाव्या फणीला जवळ येतो.

वेचणीच्या दिवसांत आईनं किती किलो कापूस वेचला हे मुलांना घरी ऐकून माहीत असतं. त्यावर तोंडी गणितं होतात. मजुरीच्या पैशांवर मात्र गणित घालू नका. कोणाच्या घरी किती आले हे वर्गात उघडं पडायला नको.

आठवडे बाजाराला मुलांना नेता आलं तर उत्तम : पावशेर, अर्धा किलो, सुटे पैसे. शाळेत भरवतात ती आनंदनगरी मला तेवढी उपयोगी वाटत नाही. पदार्थ आया करतात, विक्री मोठी भावंडं करतात आणि पहिलीचं मूल नुसतं खातं. भरवायचीच असेल तर पहिली-दुसरीला दोनच गोष्टी विकायला द्या, पेरू आणि शेंगा, आणि दराची पाटी त्यांना लिहू द्या.

घरातलं माणूस वर्गात बोलवा

वहीचा तो शेवटचा रकाना आता उघडा. पंधरा दिवसांतून एकदा, गुरुवार-शुक्रवारकडे, एकाला बोलवा. भाषण नको, हातातलं काम करून दाखवायचं.

एका मुलाची आजी सूप घेऊन आली होती. इकडे मुलं आजीला मोठी माय म्हणतात. मी खुर्ची पुढे केली, तर ती उंबऱ्याजवळच बसली. मग मीही खाली बसले, आणि मुलं आपोआप गोल झाली. तिनं मूठभर ज्वारी सुपात घेतली, त्यात मुद्दाम खडे आणि कोंडा मिसळलेला. दोन झटके दिले. कोंडा सुपाच्या पुढच्या कडेवरून उडाला, दाणे मागे सरकले. मग सूप तिरकं धरून हळूहळू हलवलं, तसे खडे एका कोपऱ्यात गोळा झाले. मुलांनी श्वास रोखला होता. मग एकीनं विचारलं, "कोंडाच का उडतो?" मोठी माय म्हणाली, "हलका शे ना." मी एक शब्दही बोलले नाही. त्यानंतर अर्धा तास मुलं पीस, पान, खडू, खडा सुपात घालून बघत होती आणि आधी सांगत होती, हे उडेल, हे नाही उडणार. अंदाज, प्रयोग, वर्गीकरण, सगळं त्यात आलं.

जाताना त्या आजींनी विचारलं, "परत कधी येऊ?" त्या वर्षी त्यांचा नातू एकही दिवस घरी राहिला नाही.

बोलावताना एक काळजी घ्या. दर वेळी ठरलेल्या चार घरांतली माणसं येता कामा नयेत. गावाच्या कडेला, वस्तीवर, मळ्यात राहणाऱ्या घरांचा नंबर आधी लावा. कोणाकडे जातो, कोणाच्या घरचं पाणी पितो, हे गाव बारकाईनं बघत असतं, आणि मुलंही बघतात.

सण

कानबाई, पोळा, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, सातपुड्यातली होळी, प्रत्येकाचं काहीतरी वर्गात आणता येतं. सगळ्यांत सोपी गुलाबाई, कुठे तिला भुलाबाई म्हणतात. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर असते, आणि तेव्हा शाळा ऐन रंगात आलेली असते. गाणी म्हणून झाली की झाकलेला खाऊ ओळखायचा, ही त्यातली गंमत. वर्गात मी डब्यात खाऊ आणते. मुलांनी प्रश्न विचारून ओळखायचा. गोड का तिखट? कुरकुरीत का मऊ? तळलेला का भाजलेला? डबा हलवून आवाज ऐकायची मुभा एकदाच. पहिल्या दिवशी मुलं नुसती नावं ओरडतात. आठवड्याभरात प्रश्न धारदार होतात. प्रश्न विचारायला शिकवणारा याहून चांगला खेळ मला माहीत नाही. मुलगेही खेळतात, कोणी नको म्हणत नाही.

आखाजीच्या सुमारास हजेरी घटते, कारण लेकी माहेरी येतात आणि घर भरतं. तेव्हा नवीन घटक सुरू करू नका. एप्रिलमध्ये शाळा सकाळची असते, बाहेरचं काही असेल ते नऊच्या आत उरका. जळगाव-भुसावळचं ऊन बाहेरच्या माणसाला पहिल्या वर्षी कळत नाही.

पालकांशी बोलायचं कसं

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या. कागदावर हे सगळीकडे असतं. महिला सदस्य सहीपुरत्या येतात, कारण बैठक अकरा वाजता ठेवलेली असते आणि तेव्हा त्या कापसात असतात. रात्री आठला, देवळाच्या ओट्यावर ठेवा. नाहीतर वेचणी नसलेल्या वारी. तुम्हाला त्या दिवशी उशीर होईल, शेवटची एसटी चुकेल, त्याची सोय आधी करा. वर्षातून चार वेळा एवढं केलं तरी पुरे.

व्हॉट्सॲपवर लांब टाइप केलेला निरोप कोणी वाचत नाही. फोन बहुतेक वडिलांपाशी असतो, आणि वडील वावरात नाहीतर सुरतेला. अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप पाठवा, मावशींच्या किंवा अंगणवाडीताईंच्या आवाजात, बोलीत. आईला रोज पाच मिनिटांचं एकच काम द्या : आज शाळेत काय झालं ते मुलाला विचारायचं आणि पूर्ण ऐकायचं. "अभ्यास घ्या" म्हटलं की न शिकलेली आई मागे सरते. हे काम कोणतीही आई करू शकते.

मुलांचे फोटो काढून इकडेतिकडे पाठवू नका. आणि "आईवडिलांचा फोटो आणा" असे उपक्रम देण्याआधी वही उघडून बघा. माझ्याकडून एकदा राहिलं. एका मुलाचे वडील दोन महिन्यांपूर्वी गेले होते, ते वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. "घरातलं तुम्हाला आवडणारं कोणीही" असं म्हटलं असतं तर काम तेच झालं असतं.

दिवाळीच्या आधी यादी करा

या भागात नव्या शिक्षकाला सगळ्यांत जास्त हादरवणारी गोष्ट ही. ऑक्टोबरपर्यंत वर्ग छान बसतो, दिवाळीची सुट्टी होते, आणि परत आल्यावर वीसातली सहा-सात मुलं नसतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ऊसतोडीची टोळी साखर कारखान्यावर गेलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं एक कोयता म्हणतात, आणि लहान मूल सोबत. काही घरं गुजरातेत. परत येतात ती होळीच्या आसपास, कधी त्यानंतर.

म्हणून दसऱ्यालाच वही घेऊन बसा. कोण जाणार, कुठल्या कारखान्यावर, मुकादम कोण, त्याचा फोन नंबर. मग प्रत्येक घरी जाऊन एकच गोष्ट विचारा : मूल इथं राहू शकतं का? मोठी माय, काकू, मावशी कोणी आहे का? असेल तर हंगामी वसतिगृहाचा, म्हणजे आईबाप बाहेर असेपर्यंत मुलांच्या गावातल्या सोयीचा, प्रस्ताव केंद्रप्रमुखांमार्फत वेळेत पाठवा. टोळ्या निघून गेल्यावर त्याचा उपयोग नसतो. मागं राहिलेल्या मुलाकडे पहिले पंधरा दिवस जास्त लक्ष ठेवा. संध्याकाळी शाळा सुटल्यावर ते दाराशी रेंगाळतं. त्याला काहीतरी काम द्या, खिशातल्या पट्ट्या गोळा करायचं वगैरे, आणि शेजारच्या घरातल्या मुलाबरोबर घरी पाठवा.

जे जाणारच आहेत त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड, म्हणजे तिकडच्या शाळेत दाखवायचं कार्ड, द्या आणि आईला ते नीट समजावून सांगा, कारण बाप ते ट्रंकेच्या तळाशी ठेवतो. कारखान्याजवळच्या शाळेनं कागद कमी आहेत म्हणून मुलाला परत पाठवायचं नसतं. कायद्याप्रमाणे दाखला यायला उशीर झाला तरी प्रवेश द्यावा लागतो, वयाप्रमाणे वर्गात बसवावं लागतं. एवढं आईला पाठ असलं पाहिजे. सोबत एक पिशवी द्या : पाटी, वर्गाच्या गावबातमीचं शिवलेलं एक पुस्तक, दहा काड्यांची मोळी. पंधरा दिवसांनी एकदा फोन करा, सगळ्या वर्गासमोर, स्पीकरवर. तिकडून उसाच्या फडातली बातमी आली की तीही फळ्यावर लिहा.

आणि त्यांची नावपट्टी खोक्यातून काढू नका. मोजताना मुलं रोज म्हणतात, "खिशात चौदा, खोक्यात सहा." परत आलेलं मूल सकाळी दारात उभं राहतं, धुळीनं भरलेलं, थोडं बावरलेलं. ते सरळ खोक्याकडे जातं आणि आपली पट्टी आहे का ते बघतं. त्या दिवशी धडा कुठवर आला हे त्याला सांगत बसू नका. कारखान्यावर काय बघितलं ते त्याला सांगू द्या : बैलगाड्या किती, कोपी (झोपडी) कशी बांधतात, चिमणीतून धूर कधी येतो. चार महिन्यांची पिछाडी भरून काढायला पुढे रोज अर्धा तास जादा द्यावाच लागतो. पण पहिला दिवस त्याचा असू द्या.

निपुणचं काय, अभ्यासक्रमाचं काय

हे सगळं करताना अभ्यासक्रम राहील, ही भीती मला कळते. जुलै २०२१ मध्ये केंद्राचं निपुण भारत अभियान सुरू झालं, त्यात तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता यावं आणि मूलभूत गणित यावं असं उद्दिष्ट आहे. पडताळणीला येणारे साहेब उतारा वाचायला देतात, संख्या लिहायला सांगतात. गावबातमी वाचणारं मूल उतारा वाचतं, मोळ्या सोडणारं मूल वजाबाकी करतं. पुस्तकातले धडे मीही शिकवते, फक्त धड्याआधी एक प्रश्न विचारते : यातलं आपल्या गावात काय आहे? पहिल्या वर्षी हे सगळं एकदम करू नका. जूनमध्ये वही आणि नावपट्ट्या, जुलैत गावबातमी, पोळ्यानंतर एक पाहुणा, दसऱ्याला यादी. इतकं झालं तरी वर्ष भरलं. उरलेलं दुसऱ्या वर्षी.

बदली कधीतरी येणारच. तेव्हा ही वही नव्या बाईंच्या किंवा सरांच्या हातात द्या. कार्यभाराच्या कागदांत घालू नका, स्वतः द्या. एक संध्याकाळ थांबा, त्यांना अंगणवाडीताईंकडे घेऊन जा, आणि गावाच्या कडेच्या त्या तीन-चार घरांकडेही.